ॲक्शन गेम आणि दृश्य अल्पकालीन स्मृती: जागा वाढते, की आत शिरण्याचा वेग?

क्षणचित्र

ॲक्शन गेम खेळणाऱ्यांची 'नजरेची स्मृती' मोठी असते, असं विधान सर्रास केलं जातं. त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कालवलेल्या असतात, म्हणून हा धागा काढतोय.

पहिली गोष्ट म्हणजे डोळ्यांपुढचं चित्र गेल्यावर क्षणभर रेंगाळणारा ठसा. जॉर्ज स्पर्लिंग यांनी १९६० मध्ये ३ ओळींत १२ अक्षरं ५० मिलिसेकंद दाखवली. सगळी सांगा म्हटल्यावर लोक चार-साडेचार सांगू शकत होते. पण अक्षरं गेल्याबरोबर एका सुराने 'ही ओळ सांगा' अशी खूण केली की त्या ओळीतली तीन तरी सांगता यायची. म्हणजे त्या क्षणी नऊच्या आसपास अक्षरं हाताशी होती, आणि सेकंदभरात ती निसटत होती.

दुसरी गोष्ट म्हणजे खरी दृश्य अल्पकालीन स्मृती. डब्ल्यू. ए. फिलिप्स यांनी १९७४ मध्ये ठिपक्यांच्या नक्ष्या वापरून या दोन्ही वेगळ्या काढल्या. रेंगाळणारा ठसा जागेला चिकटलेला असतो, नक्षी जरा सरकवली की मोडतो. दुसरी साठवण लहान असते, पण सरकवल्याने मोडत नाही आणि कित्येक सेकंद टिकते. १९९७ मध्ये स्टीव्हन लक आणि एडवर्ड व्होगेल यांनी रंगीत चौकोन वापरून तिची क्षमता मोजली, तेव्हा ती साधारण ३ ते ४ वस्तूंची निघाली.

तिसरी गोष्ट म्हणजे लक्ष: या साठवणीत काय जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं.

प्रश्न असा की गेमने यातलं नेमकं काय बदलतं? आणि ते स्वतः मोजायचं झालं तर चुका कुठे होतात?

तिरपी_रेषा

सुरुवात २००३ पासून करावी लागेल. शॉन ग्रीन आणि डाफ्ने बॅवेलिए यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की ॲक्शन गेम खेळणारे क्षणभर दिसलेले ठिपके न खेळणाऱ्यांपेक्षा जास्त संख्येपर्यंत अचूक सांगतात. मग न खेळणाऱ्यांना रोज एक तास असे १० दिवस 'मेडल ऑफ ऑनर' हा नेमबाजीचा गेम खेळायला दिलं, तुलनेच्या गटाला 'टेट्रिस'. लक्षाच्या चाचण्यांत पहिला गट जास्त सुधारला.

पण ठिपके सांगणं म्हणजे स्मृती नव्हे, निदान थेट नव्हे. २००६ मध्ये याच दोघांनी मोजणी आणि फिरत्या वस्तूंचा माग या दोन्ही चाचण्या पुन्हा तपासल्या. एका दृष्टिक्षेपात उमगणारी संख्या वाढते असं नव्हे, तर त्यापुढची संख्या मोजताना खेळाडू कमी चुकतात, आणि यामागे दृश्य अल्पकालीन स्मृती असावी, अशी मांडणी त्यांनी केली. चित्र गेल्यावरही ते मनात धरून मोजता आलं तर चुका कमी होणारच. स्मृतीचा मुद्दा या चर्चेत ठळकपणे आला तो इथून.

शून्य_गृहीतक

वर दोन प्रकारचे पुरावे आहेत आणि ते वेगळे ठेवायला हवेत. खेळाडूंची न खेळणाऱ्यांशी तुलना, आणि न खेळणाऱ्यांना खेळायला लावून आधी-नंतर मोजणं. पहिल्यातून कारण कधीच सिद्ध होत नाही. ज्यांची नजर मुळात तरबेज आहे तेच अशा खेळांत टिकतात, हे स्पष्टीकरण नेहमी शिल्लक राहतं.

वॉल्टर बूट आणि सहकाऱ्यांचा २००८ चा प्रयोग यासाठी महत्त्वाचा. त्यात तुलनेत मुरलेले खेळाडू सरस होते, आधीचं चित्र आठवून त्यातला बदल ओळखण्याच्या चाचणीतही. पण न खेळणाऱ्यांना २० तासांहून जास्त खेळायला लावलं तेव्हा बहुतेक चाचण्यांत खेळामुळे अशी वेगळी वाढ दिसली नाही. एकच चाचणी पुन्हा दिल्याने येणारा सराव मात्र सगळ्या गटांत दिसला. तुलनेचा गट नसता तर हीच वाढ गेमच्या नावावर जमा झाली असती.

आणखी एक सापळा अपेक्षेचा. 'गेमर हवेत' अशी जाहिरात देऊन माणसं बोलावली की आपण चांगलं करायचं आहे हे त्यांना आधीच कळतं. टेट्रिस खेळलेल्याला स्मृतीची चाचणी दिली तर तो फार आशा धरत नाही, नेमबाजीचा गेम खेळलेला धरतो. तुलनेचा गट नुसता असून भागत नाही, दोन्ही गटांच्या अपेक्षा सारख्या आहेत का हेही विचारून नोंदवावं लागतं.

मृण्मय

@क्षणचित्र, तुमच्या प्रश्नाला सर्वांत थेट भिडलेला अभ्यास म्हणजे विल्म्स, पीटर्सन आणि वांगकिल्डे यांचा २०१३ चा. ४२ तरुण पुरुष, गेमचा अनुभव कमी-जास्त. मोजमापाला बुंडेसेन यांची १९९० ची दृश्य लक्षाची उपपत्ती. या उपपत्तीत आत शिरण्याचा वेग, साठवणीची जागा आणि काहीही दिसू लागण्यासाठी लागणारा किमान वेळ हे तीन वेगळे आकडे निघतात. निष्कर्ष: भरपूर खेळणाऱ्यांत वेग जास्त, जागेत फरक नाही. (त्यांच्या लेखाच्या शीर्षकात 'सुधारतो' हा शब्द आहे, पण प्रयोग तुलनेचा होता. @शून्य_गृहीतक यांचा आक्षेप इथेही लागू.)

वेग आणि जागा यांची गल्लत कशी होते ते आकड्यांनी दाखवतो. आकडे निव्वळ समजण्यापुरते.

किमान वेळ २० मिलिसेकंद धरा. चित्र १०० मिलिसेकंद दाखवलं आणि लगेच त्याच जागी मास्क, म्हणजे दुसरीच एखादी नक्षी, टाकला, की रेंगाळणारा ठसा पुसला जातो. कामाला उरले ८० मिलिसेकंद. एकाचा वेग सेकंदाला ३० वस्तू, तर त्याच्या आत २.४ वस्तू जातात. दुसऱ्याचा ५०, त्याच्या ४. दोघांची जागा ४ वस्तूंचीच आहे, पण कागदावर एकाची स्मृती २.४ आणि दुसऱ्याची ४ दिसते. आता तेच चित्र ५०० मिलिसेकंद दाखवा: ३० वेगवाल्याकडेही १४ वस्तूंपुरता वेळ आहे. दोघंही आपापल्या जागेच्या मर्यादेला टेकतात आणि फरक नाहीसा होतो.

म्हणून एकाच अवधीने मोजलं तर उत्तर मिळतच नाही. कमी आणि जास्त अवधी, मास्कसह आणि मास्कविना, असे चारही प्रकार हवेत. फरक फक्त कमी अवधी अधिक मास्क या घरात दिसला तर तो वेगाचा. चारही घरांत दिसला तर जागेचा विचार करता येतो.

तिरपी_रेषा

हे पटतं, पण उलट बाजूचा पुरावाही मांडायला हवा. ब्लॅकर आणि कर्बी यांनी २०१३ मध्ये साध्या आणि गुंतागुंतीच्या आकृत्या वेगवेगळे अवधी ठेवून दाखवल्या. खेळाडूंची आघाडी अवधी कितीही असो, कायम राहिली. म्हणजे नुसत्या वेगाने ती समजावता येत नाही. २०१४ मध्ये ब्लॅकर आणि सहकाऱ्यांनी ३० तासांचं प्रशिक्षण दिलं: एका गटाला ॲक्शन गेम, दुसऱ्याला 'द सिम्स ३' हा घर-संसार चालवण्याचा गेम. बदल ओळखण्याच्या चाचणीत ॲक्शन गटाची क्षमता वाढली, नेमकेपणातही थोडी वाढ दिसली. साठवताना मध्येच दुसरं काम करायला लावणाऱ्या चाचणीत मात्र ती वाढ उतरली नाही. अपेक्षा आणि उत्साह यांतला फरकही त्यांनी तपासला होता.

त्यामुळे 'फक्त वेग, जागा नाही' असं ठामपणे म्हणता येणार नाही.

साठ_फ्रेम

मोजायचं कसं, यावर सविस्तर लिहितो. असे प्रयोग बनवायला सायकोपाय किंवा जेएससायक, दोन्ही सॉफ्टवेअर चालतात, दोन्ही मोफत. ब्राउझरमध्ये वेळेची अचूकता थोडी कमी, म्हणून अवधीवर सगळं अवलंबून असेल तर सायकोपाय संगणकावर चालवा.

एका फेरीचा क्रम: ५०० मिलिसेकंद मधोमध अधिकचं चिन्ह, १०० मिलिसेकंद रंगीत चौकोन, ९०० मिलिसेकंद रिकामी स्क्रीन, मग त्यांतल्या एकाच जागी एक चौकोन, उत्तर मिळेपर्यंत किंवा २ सेकंद. रंग तोच की बदललेला, एवढंच सांगायचं. निम्म्या फेऱ्यांत बदल, निम्म्यांत नाही, क्रम यादृच्छिक.

अवधी मिलिसेकंदात लिहू नका, फ्रेममध्ये लिहा. ६० हर्ट्झ स्क्रीनवर एक फ्रेम १६.६७ मिलिसेकंद, म्हणजे १०० साठी ६ फ्रेम आणि ९०० साठी ५४. १४४ हर्ट्झवर १०० मिलिसेकंद म्हणजे १४.४ फ्रेम, जे शक्यच नाही. १४ केल्या तर ९७.२, १५ केल्या तर १०४.२. अशा स्क्रीनला १२० हर्ट्झवर आणा, मग १२ आणि १०८ फ्रेम बरोबर बसतात. बदलता रिफ्रेश रेट बंद करा. हे अगदी महत्त्वाचं, कारण गेमिंग स्क्रीनवर तो बहुधा चालू असतो आणि फ्रेमचा हिशेब त्याने कोलमडतो. रात्रीचा पिवळट रंगछटा मोड आणि आपोआप बदलणारी उजळता दोन्ही बंद.

अंतर ५७ सेंटिमीटर ठेवलं की स्क्रीनवरचा १ सेंटिमीटर म्हणजे जवळपास १ अंश. चौकोन ०.६५ अंशाचे, दोन चौकोनांच्या मध्यांमध्ये किमान २ अंश, आणि सगळे सुमारे १० × ७ अंशांच्या क्षेत्रात. जवळ गर्दी झाली तर शेजारचा चौकोन नीट दिसतच नाही, आणि न दिसणं 'न आठवणं' म्हणून मोजलं जातं.

रंग ७: लाल, हिरवा, निळा, पिवळा, जांभळा, काळा, पांढरा, पार्श्वभूमी राखाडी. नारिंगी घेऊ नका, लाल-पिवळ्याच्या मध्ये पडतो आणि चूक स्मृतीची न राहता रंग ओळखण्याची होते. ४ आणि ६ चौकोनांच्या फेऱ्यांना ७ पुरतात. ८ चौकोन दाखवायचे असतील तर एखादा रंग दोनदा येऊ द्यावा लागतो, तो दोनपेक्षा जास्त वेळा येणार नाही असा नियम घाला. रंगांधळेपणाची तपासणी आधीच करून घ्या.

ओंजळ

रिकामी स्क्रीन ९०० ऐवजी १०० मिलिसेकंद ठेवली तर काय बिघडतं? चाचणी लवकर आटपेल.

साठ_फ्रेम

@ओंजळ, मग ती स्मृतीची चाचणीच उरत नाही. इतक्या कमी खंडात रेंगाळणारा ठसा अजून जिवंत असतो आणि रंग बदललेली जागा डोळ्यांना लुकलुकल्यासारखी जाणवते. काहीही न आठवता बदल कळतो, गुण फुगतात. खंड पूर्ण काढून टाकला तर १२ चौकोनांतला बदलही सहज सापडतो.

उलट बाजूने, खंड फार लांबवला तर लोक रंगांची नावं मनात घोळवायला लागतात. ९०० मिलिसेकंदांतही ते होतं, म्हणून तोंड गुंतवून ठेवा: फेरी सुरू होण्याआधी 'तीन-सात' असे दोन अंक द्यायचे आणि उत्तर देईपर्यंत ते सतत पुटपुटायचे, सेकंदाला दोन-तीनदा. चौकोन दाखवण्याचा अवधी ५०० मिलिसेकंद करणार असाल तर हे टाळूच नका. त्या वेळात नजर दोन-तीन ठिकाणी फिरू शकते आणि नावंही ठेवता येतात.

मृण्मय

आता गुणांचं गणित. नुसती बरोबर उत्तरांची टक्केवारी वापरू नका, कारण 'बदललं' असं सारखं दाबणारा आणि 'तोच' असं सारखं दाबणारा यांची टक्केवारी एकच येऊ शकते. शेवटी एकच चौकोन दाखवत असाल तर नेल्सन कोवन यांचं सूत्र:

के = चौकोनांची संख्या × (पकड − खोटा इशारा)

के म्हणजे स्मृतीत किती वस्तू धरल्या याचा अंदाज, पकड म्हणजे बदल असलेल्या फेऱ्यांत 'बदललं' म्हटल्याचं प्रमाण, खोटा इशारा म्हणजे बदल नसताना तेच म्हटल्याचं प्रमाण. ६ चौकोन, पकड ०.७५, खोटा इशारा ०.२० असेल तर के = ६ × ०.५५ = ३.३.

शेवटी सगळेच चौकोन पुन्हा दाखवत असाल तर हे सूत्र चालत नाही. तिथे हॅरोल्ड पॅशलर यांचं घ्यावं लागतं: तीच वजाबाकी, पण (१ − खोटा इशारा) ने भागलेली. वरच्याच आकड्यांना ते लावलं तर ०.५५ भागिले ०.८० गुणिले ६, म्हणजे ४.१ येतं. एकाच माहितीवर चुकीचं सूत्र लावलं की पाऊण वस्तूहून जास्त 'वाढ' फुकटात मिळते. दोन अभ्यासांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी कुठलं सूत्र आहे ते बघा.

ओंजळ

२ चौकोनांवर सगळ्यांचा के जवळपास २ येतो आणि ८ चौकोनांवर काहींचा के ६ चौकोनांवरच्या के पेक्षा कमी येतो. कुठला धरायचा?

मृण्मय

२ चौकोनांवर के दोनपेक्षा जास्त येऊच शकत नाही, सूत्रातच छत आहे. त्या फेऱ्या क्षमता सांगत नाहीत, पण लक्ष भरकटतं का ते सांगतात. २ वर एखाद्याचा १.६ आला तर तो झोपेत आहे किंवा सूचना कळलेली नाही. ८ वर घसरण होते कारण काही जण इतकं पाहून बिचकतात आणि निवडून धरण्याऐवजी सगळंच धरायला जातात. ६ हा मधला मुक्काम चांगला, किंवा ४, ६ आणि ८ ची सरासरी.

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते फेऱ्यांच्या संख्येकडे. ६ चौकोनांच्या ६० फेऱ्या घेतल्या, म्हणजे बदलाच्या ३० आणि बिनबदलाच्या ३०. वरच्या उदाहरणातल्या प्रमाणांना पकडीची प्रमाण-चूक (योगायोगाने आकडा साधारण किती इकडे-तिकडे होतो ते) ०.०७९, खोट्या इशाऱ्याची ०.०७३. दोन्ही मिळून ०.१०८, त्याला ६ ने गुणलं की के मधली चूक ०.६५. म्हणजे ३.३ लिहिलं तरी खरा आकडा २.७ आणि ३.९ यांच्यातही कुठेही असू शकतो, कधी त्याबाहेरही. १८० फेऱ्या घेतल्या तर ही चूक ०.३७ वर येते. एका फेरीला साडेचार सेकंद धरले तर १८० फेऱ्यांना साडेतेरा मिनिटं लागतात. तेवढा वेळ द्यायलाच हवा. महिनाभर गेम खेळून के ३.१ चा ३.६ झाला, असं ६० फेऱ्यांवरून म्हणणं म्हणजे मोजपट्टीच्या थरथरीला वाढ समजणं.

शून्य_गृहीतक

याला जोडून गटाचा आकार. मध्यम फरक (प्रमाणित ०.५, म्हणजे माणसामाणसांतल्या नेहमीच्या चढउताराच्या निम्मा) ८० टक्के खात्रीने पकडायचा तर प्रत्येक गटात ६४ माणसं लागतात. फरक ०.३४ असेल तर सुमारे १३७. या क्षेत्रातल्या बऱ्याच प्रयोगांत गटात १०-२० जण असतात.

०.३४ हा आकडा हवेतून घेतलेला नाही. बेदियू आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या मेटा-विश्लेषणात (अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र मोजणाऱ्या अभ्यासात) ॲक्शन गेमच्या प्रशिक्षणाचा एकूण परिणाम तेवढा आला होता, आणि खेळाडूंच्या तुलनेत ०.५५. त्याच वर्षी, त्याच 'सायकॉलॉजिकल बुलेटिन'मध्ये साला, तातलिदिल आणि गोबे यांचं विश्लेषण आलं, त्यात प्रशिक्षणाचा परिणाम शून्याजवळ निघाला. २०१९ मध्ये हिलगार्ड आणि सहकाऱ्यांनी पहिल्या आकड्याकडे पुन्हा पाहिलं. अनुकूल निकालच जास्त छापले जाणं आणि एकाच प्रयोगाचे तुकडे वेगवेगळ्या लेखांत येणं यामुळे तो फुगलेला आहे, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. तुकडे वेगळे मोजले की तीच माणसं दोनदा-तीनदा हिशेबात येतात.

चौथा_कोन

इतका वेळ चर्चा 'किती' या प्रश्नावर आहे. माझ्या मते गेमचा जास्त संबंध 'काय अडवलं' याच्याशी असायला हवा. २००५ मध्ये व्होगेल, मॅककोलो आणि माचिझावा यांनी दाखवलं की कमी क्षमतेचे लोक नको असलेल्या वस्तूही साठवत बसतात. २ लाल पट्ट्या लक्षात ठेवायच्या आणि २ निळ्या दुर्लक्षायच्या, तर जास्त क्षमतेच्या लोकांच्या मेंदूतला विद्युत-संकेत २ वस्तूंसारखाच राहिला. कमी क्षमतेच्यांचा ४ वस्तूंसारखा झाला. म्हणजे जागा कमी असं जे दिसतं त्यातला काही भाग अडगळीचा आहे.

ॲक्शन गेममध्ये सतत हेच करावं लागतं: धूर, उडणारे तुकडे, सहकारी हे सगळं वगळून शत्रूच्या जागा धरायच्या. त्यामुळे सगळेच चौकोन कामाचे असलेली चाचणी ही कदाचित चुकीच्या ठिकाणी घेतलेली चाचणी आहे.

हे मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. तीन प्रकारच्या फेऱ्या मिसळून घ्या: २ लाल, ४ लाल, २ लाल अधिक २ निळ्या. लाल पट्टीचा कल बदलला का, एवढंच विचारायचं. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारातल्या अचूकतेतला फरक म्हणजे अडगळीची किंमत. निळ्या पट्टीचा कल कधीच बदलू नका, नाहीतर तिच्याकडे बघणं फायद्याचं ठरतं. आणि लाल-निळ्याची उजळता सारखी ठेवा, जास्त उजळ रंग आपोआप डोळा ओढतो.

ओंजळ

पण गेममध्ये तर नकाशावर अर्धा सेकंद नजर टाकून सात-आठ खेळाडूंच्या जागा लक्षात राहतात. मग ४ ची मर्यादा कुठे गेली?

चौथा_कोन

मर्यादा तिथेच असते, वस्तू मोठी होते. चेस आणि सायमन या संशोधकांनी १९७३ मध्ये बुद्धिबळात हे दाखवलं: खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद दाखवली तर निष्णात खेळाडू नवशिक्यापेक्षा खूप जास्त सोंगट्या पुन्हा मांडतो. सोंगट्या कशाही विखुरल्या तर त्याची आघाडी जवळपास संपते. नकाशावरचे आठ ठिपके मुरलेल्या खेळाडूला 'तिघे डावीकडून वळसा घालताहेत, दोघे तळ राखताहेत' असे दोन-तीन गठ्ठे म्हणून दिसतात. ही दीर्घकालीन स्मृतीची मदत. तपासायचं असेल तर त्याच नकाशाच्या चित्रावर ठिपके निरर्थक जागी टाका, भिंतींच्या आतसुद्धा, आणि पुन्हा विचारा.

क्षणचित्र

मग प्रशिक्षणाचा प्रयोग करायचा तर मांडणी काय ठेवायची? तास, गट, चाचणीची वेळ.

तिरपी_रेषा

खेळ एकूण ३० तास, रोज एक तासाच्या आसपास, काही आठवड्यांत विभागलेला. दोन दिवसांत दहा-दहा तास खेळून ते होत नाही. अवघडपणा माणसाबरोबर वाढत गेला पाहिजे. एकाच सोप्या पातळीवर ३० तास काढले तर पुढचे बरेच तास वाया जातात. तुलनेचा गेमही तितकाच रंजक हवा, पण वेग आणि डोळ्यांच्या कडेला येणारे धोके नसलेला. टेट्रिसबद्दल सावध राहा, आकृती मनात फिरवण्याचा सराव त्यातही होतो.

नंतरची चाचणी शेवटच्या खेळानंतर निदान एक पूर्ण दिवस सोडून. खेळ संपल्या संपल्या घेतली तर खेळाने आलेली तात्पुरती तरतरी मोजली जाते.

फक्त तुलना करायची असेल तर 'खेळाडू' म्हणजे गेल्या वर्षभरात आठवड्याला ५ तासांहून जास्त ॲक्शन गेम, 'न खेळणारे' म्हणजे १ तासाहून कमी, असा ढोबळ निकष बरा. भरती करताना गेमचा शब्दही नको, ती प्रश्नावली सगळ्या चाचण्या झाल्यावर. आणि मधल्यांना गाळू नका. नॅश अन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये सगळे घेतले, तेव्हा टोकाच्या दोन गटांत दिसणारे संबंध बरेच फिके पडले.

साठ_फ्रेम

एक भर. आधीच्या आणि नंतरच्या चाचणीला तोच संगणक, तीच स्क्रीन, तेच अंतर, आणि चौकोनांच्या जागा दर फेरीला नव्याने यादृच्छिक. ठरावीक जागांचा संच वापरला तर लोक जागाच शिकतात. आणि उत्तर देताना वेळेपेक्षा अचूकतेला महत्त्व आहे, हे दर ६० फेऱ्यांनंतरच्या विश्रांतीत पुन्हा सांगा. गेम खेळणाऱ्यांना झटकन बटण दाबायची सवय असते, त्यांचे खोटे इशारे तेवढ्यानेच वाढतात आणि के खाली येतो.

ओंजळ

२ सेकंदांची उत्तराची मर्यादा मग काढून टाकू का?

साठ_फ्रेम

काढा. मर्यादा संपल्यामुळे रिकामी गेलेली फेरी पकडीत धरायची की खोट्या इशाऱ्यात, हा प्रश्नच मग उरत नाही. फक्त उत्तराला लागलेला वेळ नोंदवून ठेवा: २०० मिलिसेकंदांच्या आत आलेलं उत्तर चौकोन नीट न बघता दिलेलं असतं, ते हिशेबातून वगळा आणि किती वगळली ते लिहा.